ट्रेलरचे हेलकावे आणि भार वाटून देणारी जोडणी

उत्तर अमेरिकेत सुटीच्या दिवसांत मोठ्या रस्त्यांवरून जाणाऱ्या वाहनांमध्ये एक प्रकार हमखास दृष्टीस पडतो. पुढे एखादी दणकट मोटारगाडी किंवा पिक-अप ट्रक, आणि तिच्या मागे जोडलेले, चाकांवर चालणारे छोटेखानी घर. या घराला तेथे प्रवासी ट्रेलर म्हणतात. त्यात निजण्याच्या जागा, स्वयंपाकाची चूल, पाण्याची टाकी, न्हाणीघर असे सगळे काही असते. त्याची लांबी सहा ते नऊ मीटर व वजन भरल्यानंतर दोन ते चार टन असणे ही सामान्य गोष्ट आहे. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर अशा वाहनांच्या निर्मितीचे मोठे केंद्र आहे, तर ओहायोतील जॅक्सन सेंटर येथे चकचकीत ॲल्युमिनियमच्या अंगाचे एअरस्ट्रीम ट्रेलर तयार होतात.

एवढे मोठे घर मोटारीला जोडलेले असते ते मात्र एकाच बिंदूपाशी. मोटारीच्या मागील बाजूस एक पोलादी गोळा असतो. ट्रेलरच्या पुढे आलेल्या सांगाड्याच्या टोकाला वाटीसारखी खोबण असते. ती गोळ्यावर बसवून खटका लावला की जोडणी पुरी झाली. ट्रेलरच्या या पुढे आलेल्या भागाला आपण धुरा म्हणू. बैलगाडीच्या धुरेचेच काम तो करतो. गोळ्यावरील या सांध्यामुळे ट्रेलरला डावी-उजवीकडे वळता येते आणि रस्त्याच्या चढउताराप्रमाणे वर-खालीही होता येते. या मोकळेपणावाचून जोडगाडी वळणारच नाही. परंतु ज्या धोक्याचा येथे विचार करावयाचा आहे, तोही याच मोकळेपणातून उद्भवतो.

मोटार सपाट रस्त्यावरून वेगाने जात आहे, पुढे थोडा उतार लागला आहे, आणि शेजारून एक अवजड मालट्रक पुढे निघून जातो. त्याच्या नाकापुढे दाबली गेलेली हवा प्रथम ट्रेलरच्या मागील अंगाला बाजूला ढकलते, आणि ट्रक पुढे सरकत जाईल तसतसा हा दाब पुढील अंगावर येतो. ट्रेलरची शेपटी एकदा डावीकडे, मग उजवीकडे जाते. बहुतेक वेळा दोन-तीन हेलकाव्यांत ती शांत होते आणि चालकाच्या मनात क्षणभर चुकचुकण्यापलीकडे काही घडत नाही. पण कधीकधी दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा असतो व तिसरा त्याहून मोठा. एका हेलकाव्याला साधारणपणे एक ते दोन सेकंद लागतात. चालकाला काय होत आहे हे उमगून तो चक्र फिरवीपर्यंत ट्रेलर उलट दिशेने निघालेला असतो, आणि त्यामुळे त्याची प्रत्येक दुरुस्ती हेलकाव्याला आणखी बळ देते. याचा शेवट दोन्ही वाहने आडवी होण्यात किंवा उलटण्यात होऊ शकतो. पुढील आसनांवर सारे कुटुंब बसलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे या विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

हेलकावे कधी विरतात आणि कधी वाढतात? झोपाळ्याला एकदा झोका देऊन सोडून दिले तर हवेच्या व कड्यांच्या घर्षणामुळे तो हळूहळू थांबतो. या विरण्याला यांत्रिकीत अवमंदन म्हणतात. ट्रेलरच्या बाबतीत अवमंदन मुख्यतः त्याच्या टायरांकडून होते. शेपटी बाजूला जाऊ लागली की टायर किंचित तिरके होऊन रस्त्यावर आडवे बल लावतात व तिला रोखतात. मात्र वेग जसजसा वाढतो तसतसा हा रोध दुबळा होत जातो. प्रत्येक जोडगाडीसाठी एक असा वेग असतो की त्याखाली हेलकावे आपोआप विरतात आणि त्यावर ते आपोआप वाढतात. हा निर्णायक वेग ताशी ८० किलोमीटर आहे की १४० किलोमीटर आहे, यावर त्या जोडगाडीची सुरक्षितता अवलंबून असते. दुर्दैव असे की, त्या वेगापर्यंत पोहोचेपर्यंत गाडी अगदी सुरळीत चाललेली असते. काल काही झाले नाही म्हणून आज काही होणार नाही, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

निर्णायक वेग वाढविण्याचा पहिला उपाय भार भरण्याच्या पद्धतीत आहे, आणि आपल्याकडे ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला तो निराळ्या वाटेने ठाऊक असतो. गाडीत मागे जास्त माल पडला तर ती उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. फार पुढे पडला तर बैलांच्या माना दबतात. गाडीवान माल मागे-पुढे सरकवून जुवावर बेताचा भार राहील असे करतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याचा गुरुत्वमध्य चाकांच्या आसाच्या थोडा पुढे असला पाहिजे, म्हणजे धुरेच्या टोकाकडून गोळ्यावर काही भार पडतो. अमेरिकेतील प्रघाताप्रमाणे हा धुराभार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेला तर शेपटी एकदा बाजूला गेल्यावर तिची निरूढी तिला आणखी बाहेर फेकते, आणि त्याच वेळी धुरा मोटारीच्या पार्श्वभागाला विरुद्ध दिशेने रेटते.

परंतु योग्य धुराभार एवढेच पुरेसे नाही. २५०० किलोच्या ट्रेलरवर ३०० किलो धुराभार दोन तऱ्हांनी साधता येतो: जड वस्तू आसाच्या जवळपास ठेवून, किंवा पुढच्या टोकाला गॅसच्या टाक्या व विद्युतघट आणि मागच्या टोकाला सायकली व पेट्या लटकवून. तराजूला दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्या प्रकारात ट्रेलरचे निरूढी परिबल पुष्कळ वाढते. दोन्ही टोकांना दगड बांधलेली काठी मधोमध धरून फिरवून पाहिली असता ती सुरू करणे व थांबविणे किती कठीण जाते, हे हाताला कळते. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात पूर्ण आकाराच्या चाचणी-ट्रेलरवर प्रयोग झाले आहेत. तेथे स्थैर्यावर मुख्य परिणाम करणाऱ्या गोष्टी म्हणून याच ठरल्या: निरूढी परिबल, धुराभार आणि आसाचे स्थान.

आता अडचण अशी की, ट्रेलरच्या दृष्टीने हितकर असा धुराभार मोटारीच्या दृष्टीने अहितकर असतो, कारण तो मागील आसाच्याही पाठीमागे, लोंबत्या टोकावर पडतो. एक उदाहरण घेऊ. मोटारीच्या पुढील व मागील आसांत ३ मीटर अंतर आहे. गोळा मागील आसाच्या १.२ मीटर मागे आहे. धुराभार ३०० किलो आहे. मागील आस हा येथे तरफेचा टेकू होतो. गोळ्यावरील ३०० किलोंमुळे पुढील आसावरचा भार ३०० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे १२० किलोंनी कमी होतो, आणि मागील आसावर ३०० ऐवजी ४२० किलोंची भर पडते. मोटारीचा मागचा भाग बसतो, नाक वर होते, दिव्यांचे झोत झाडांच्या शेंड्यांकडे जातात. याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या पुढील चाकांनी दिशा द्यावयाची व थांबविण्याच्या कामी मोठा वाटा उचलावयाचा, त्यांचीच रस्त्यावरील पकड घटते.

भार वाटून देणारी जोडणी या अडचणीवरचा उपाय आहे. तिची कल्पना येण्यासाठी बागकामाची एकचाकी ढकलगाडी डोळ्यांपुढे आणावी. तिचे दांडे उचलले की भार पुढच्या चाकाकडे जातो. मोटारीच्या पाठीमागे असेच दोन दांडे बसविले आणि कोणी ते वर उचलून धरले, तर मोटारीचे नाक खाली येईल. या जोडणीत ते दांडे असतात. पोलादाचे, स्प्रिंगसारखे लवणारे. त्यांचे एक टोक गोळ्याखालच्या जाड ठोकळ्यात बसते आणि दुसरे धुरेच्या दोन्ही अंगांना समांतर मागे जाते. तेथे साखळीने किंवा कंसाने ते वर ताणून ट्रेलरच्या सांगाड्याला अडकवितात. उचलून धरणारा येथे ट्रेलरच असतो, आणि उचलताना त्याची स्वतःची चाके तेवढीच अधिक खाली दाबली जातात.

वरील उदाहरण पुढे नेऊ. गोळ्यापासून ट्रेलरच्या आसापर्यंत ५ मीटर अंतर धरले व दांडे १४५ किलो-मीटरचे परिबल देतील इतके ताणले, तर पुढील आसावर साधारण ६० किलो परत येतात, म्हणजे गमावलेल्या भाराचा निम्मा. ट्रेलरच्या आसावर २९ किलो जातात, आणि मागील आसावरची भर ४२० वरून ३३१ वर येते. पाऊण मीटर लांबीच्या दांड्यांसाठी यास प्रत्येकी सुमारे ९७ किलोंचा ताण लागतो. ताण दुप्पट केला तर पुढील आसाचा भार जवळजवळ पूर्ववत होतो. एक गोष्ट वाचकाने ध्यानात घ्यावी: एकूण ३०० किलो कोठेही नाहीसे झालेले नाहीत. ज्या मोटारीची क्षमताच अपुरी आहे ती या जोडणीने समर्थ होत नाही. विक्रेत्यांच्या बोलण्यात हा भेद बरेचदा बुजतो.

दुसरा भेद तर याहूनही अधिक बुजतो. भार वाटून देणे आणि हेलकावे रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम उभ्या दिशेतले आहे, दुसरे आडव्या. साखळ्यांनी ताणलेले साधे दांडे पुढील चाकांची पकड परत आणतात व त्यायोगे चालकाच्या हाती मोटार अधिक नीट राहते. परंतु ट्रेलरची शेपटी बाजूला जाऊ लागली तर तिला थेट अडविणारे त्यांत फारसे काही नसते. म्हणून जोडणी निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की, ही केवळ भार वाटते, की हेलकाव्यांनाही विरोध करते. आणि करीत असल्यास कोणत्या तत्त्वाने?

सर्वांत साधा प्रकार म्हणजे धुरा व मोटार यांच्यामध्ये बसविलेली एक स्वतंत्र सरकती पट्टी. ट्रेलर वळला की ती घर्षणपट्ट्यांच्या चिमट्यातून मागे-पुढे सरकते व वळण्यास अडथळा करते. ती स्वस्त आहे आणि हलक्या ट्रेलरला पुरते. पण बहुधा गाडी मागे घेताना व निसरड्या रस्त्यावर तिचा पीळ सैल करावा लागतो, आणि नेमके ते विसरले जाते. दुसऱ्या प्रकारात भार वाटणारे दांडेच साखळीऐवजी पोलादी कंसांवर टेकलेले असतात व वळताना त्यांवर घासतात. अमेरिकेत इक्वलायझर या नावाने विकली जाणारी जोडणी या जातीची. तिसऱ्यात दांड्यांच्या टोकांना खाचा असून त्या उंचवट्यांवर बसतात. रीस कंपनीची दुहेरी कॅमची जोडणी हे याचे परिचित उदाहरण. सरळ चालताना दांडा खाचेत स्थिर असतो, वळताना उंचवट्यावर चढतो, आणि पुन्हा खाचेत येऊ पाहतो. त्यामुळे नुसता रोध नव्हे, तर मध्याकडे ओढणारे बल मिळते.

घर्षणावर आधारलेल्या साधनांची एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. घर्षणाचे बल जवळजवळ ठरावीक असते. हेलकाव्याची व्याप्ती दुप्पट झाली तर घर्षणाने शोषलेली ऊर्जा दुप्पट होते. परंतु निर्णायक वेगापलीकडे हेलकाव्याला पोसणारी ऊर्जा चौपट होते. म्हणजे लहान हेलकावे घर्षण जागच्या जागी मारून टाकते आणि प्रवास सुखाचा करते. मोठ्या हेलकाव्यापुढे ते मागे पडते. शिवाय लहान हेलकावे दिसेनासे झाल्याने चालकाला मिळणारी पूर्वसूचनाही नाहीशी होते. चुकीच्या रीतीने भरलेल्या ट्रेलरला घर्षणाची जोडणी लावणे मला म्हणूनच ज्वर न तपासता तापमापक फोडण्यासारखे वाटते.

चौथा प्रकार तत्त्वतः निराळा आहे. मोटारीच्या लोंबत्या टोकाची जी तरफ ट्रेलरच्या हाती लागते, तीच काढून घेण्याचा तो प्रयत्न करतो. हेन्स्ले यांच्या रचनेत गोळा व मोटार यांच्यामध्ये चार भुजांची एक चौकट असते. ट्रेलर मोटारीला आडवे ढकलू लागला की या भुजांच्या मांडणीमुळे तो जणू गोळ्यापाशी नव्हे, तर पुष्कळ पुढे, मागील आसाच्या जवळपास जोडलेला असल्यासारखा वागतो. मोटार मात्र वळताना त्याला नेहमीप्रमाणे वळवू शकते. ही जोडणी अवजड आहे, महाग आहे, आणि ट्रेलर जोडताना अचूकपणा मागते; परंतु लांब ट्रेलर आणि आखूड मोटार अशी जोडी ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांना तिचा खर्च सार्थ वाटतो. हाच लाभ फिफ्थ-व्हील ट्रेलरांना जन्मतःच मिळतो, कारण त्यांचा सांधा पिक-अपच्या हौद्यात, थेट मागील आसावर असतो.

निवडीचा आरंभ मात्र दुकानात नव्हे, वजनकाट्यावर झाला पाहिजे. उत्पादकाच्या पत्रकातील वजन हे रिकाम्या ट्रेलरचे असते. त्यात पाणी, कपडे, भांडी, अन्नधान्य आणि बहुतेकदा गॅस व विद्युतघटही धरलेले नसतात. प्रवासाला निघताना जसा भराल तसाच ट्रेलर काट्यावर न्यावा. पाण्याची टाकी आसाच्या पुढे आहे की मागे हेही पाहावे, कारण टाकी भरलेली व रिकामी असताना धुराभार वेगळा येतो. धुराभार घरीही मोजता येतो. एका भक्कम फळीचे एक टोक विटेवर व दुसरे माणसांच्या वजनाच्या काट्यावर टेकवावे. धुरेचे टोक विटेपासून एक हात व काट्यापासून दोन हात अंतरावर येईल असे ठेवावे. काट्यावरील आकड्याची तिप्पट, म्हणजे धुराभार. फळीचे स्वतःचे वजन आधी पाहून वजा करावे, ट्रेलर समतल असावा आणि त्याच्या चाकांना अटकाव लावलेला असावा.

अमेरिकेत दांडे ६००, ८००, १०००, १२०० पौंड अशा क्षमतांचे मिळतात. आपल्या उदाहरणातील ३०० किलो म्हणजे सुमारे ६६० पौंड. तेव्हा ६०० चे दांडे कमी पडतील व ८०० चे योग्य ठरतील. काही उत्पादक मोटारीत मागील आसाच्या पाठीमागे ठेवलेले सामानही या आकड्यात मिळवावयास सांगतात. थोडी सवड ठेवणे शहाणपणाचे आहे, पण १२०० चे दांडे अधिक भक्कम म्हणून घेणे नव्हे. फार ताठ दांडे लवत नाहीत. खड्ड्यांचे धक्के ते धुरेच्या व मोटारीच्या सांगाड्यात पोहोचवितात, आणि त्यांचा ताण नेमका बसविणेही कठीण जाते. दांड्यांबरोबर मोटारीच्या मागील चौकोनी नळीची क्षमताही पाहावी. तिच्यावर अनेकदा दोन आकडे छापलेले असतात, एक केवळ गोळ्यावरील भारासाठी व दुसरा भार वाटणाऱ्या जोडणीसाठी. मोटारीच्या पुस्तिकेत अशी जोडणी निषिद्ध असेल तर विषय तेथेच संपतो. युरोपात बहुधा असेच असते. तेथील कॅराव्हॅन हलक्या, धुराभार थोडा, आणि ओढताना वेगाची मर्यादा कमी. जर्मनीत ती सामान्यतः ताशी ८० किलोमीटर आहे. तेथे गोळ्यालाच घर्षणपट्ट्यांनी पकडणाऱ्या जोडण्या रूढ आहेत. धुरा मागेपुढे सरकून लागणारे आपोआपचे ब्रेक ज्या ट्रेलरला असतात, त्याच्याशीही भार वाटणारे सर्वच दांडे जुळत नाहीत.

जोडणी बसविताना लागणारे मुख्य उपकरण म्हणजे मोजपट्टी. मोटार एकटी असताना पुढील चाकावरील कमानीची जमिनीपासून उंची मोजावी. ट्रेलर जोडून, दांडे न ताणता, पुन्हा मोजावी. ती वाढलेली आढळेल. दांडे ताणून तिसऱ्यांदा मोजावी. वाढलेली उंची निम्मी उतरवावी की पूर्ण, याविषयी मोटार-उत्पादकांच्या सूचना भिन्न आहेत आणि ज्याची मोटार त्याचेच ऐकावे. मूळ उंचीच्याही खाली नाक नेणे मात्र सर्वांच्या मते धोक्याचे आहे. तसे केल्यास मागील चाके हलकी पडतात, आणि ट्रेलरने बाजूला रेटले असता घसरून मोटारीला आडवे करावयाला तीच प्रथम तयार होतात. नवीन मोटारींतील संगणक ट्रेलरचे हेलकावे ओळखून चाकांना वेगवेगळे ब्रेक लावतात. ही सोय चांगली आहे, पण जोडणीच्या उत्पादकाने व मोटारीच्या उत्पादकाने दोहोंचा मेळ मान्य केला आहे ना, हे विचारून घ्यावे.

इतके करूनही वाटेत हेलकावे सुरू झालेच तर चक्र सरळ व घट्ट धरावे, हेलकाव्यामागे ते फिरवू नये. प्रवेगकावरचा पाय उचलावा, मोटारीचे ब्रेक जोराने दाबू नयेत, आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा मोह तर मुळीच धरू नये. अमेरिकेतील मोठ्या ट्रेलरांना विजेचे ब्रेक असतात आणि त्यांच्या नियंत्रकावर हाताने चालविण्याची एक कळ असते. ती दाबली की केवळ ट्रेलरची चाके रोखली जातात आणि धुरा मागे ताणली जाऊन जोडगाडी सरळ होते. ही कळ अंधारात, न पाहता सापडली पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वी रिकाम्या मैदानात हळू वेगाने ती दोन-चार वेळा दाबून पाहावी. मग सुरक्षित जागी थांबून टायरांतील हवा, दांड्यांचा ताण आणि आतले सामान तपासावे. बहुधा काहीतरी जड मागच्या कपाटात गेलेले सापडते.